गुरू, गुण आणि गुणपत्रिका

वॉर्साच्या फिलहार्मनिक सभागृहात २१ ऑक्टोबर २०२५ रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर एकोणिसाव्या शोपाँ आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धेचा निकाल जाहीर झाला. पहिला क्रमांक अमेरिकेच्या एरिक लू याचा, दुसरा कॅनडाच्या केव्हिन चेन याचा आणि तिसरा चीनच्या झितोंग वांग हिचा. जगभरच्या वृत्तपत्रांनी लू याची छायाचित्रे छापली. दहा वर्षांपूर्वी, २०१५ साली, याच मंचावर सतराव्या वर्षी चौथा आलेला हा तरुण पुन्हा त्याच परीक्षेला बसतो आणि ती जिंकून दाखवतो, ही कथा वाचनीय होतीच. परंतु या निकालातील अधिक विचार करावयास लावणारी बाब मंचावर नव्हती, ती परीक्षकांच्या मेजापाशी होती. तेथे बसलेले एक सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ विजेत्याला गुण देऊ शकत नव्हते, तिसऱ्या क्रमांकाच्या वांग हिलाही नाही. कारण दोघेही त्यांचेच विद्यार्थी.

या गृहस्थांचे नाव डांग थाई सोन. व्हिएतनामी रिवाजानुसार यातील डांग हे कुलनाम आणि सोन हे व्यक्तिनाम. १९८० साली हीच स्पर्धा त्यांनी जिंकली होती. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांत त्यांच्या नावापुढची उपाधी हळूहळू बदलत गेली. प्रथम ‘विजेता’, मग ‘मैफलीचा पियानोवादक’, आणि आता जगातील बहुधा सर्वाधिक चर्चेतील ‘पियानोशिक्षक’. २०१५ मध्ये चौथा आलेला लू आणि पाचवा आलेला टोनी यांग हे त्यांचे विद्यार्थी होते. करोनामुळे एक वर्ष लांबलेल्या २०२१ च्या स्पर्धेत पहिला आलेला ब्रूस लिऊ आणि सहावा आलेला जेजे जुन ली बुई हेही त्यांचेच. आणि २०२५ मध्ये पहिल्या तिघांत दोन. या तिन्ही वेळी सोन स्वत: परीक्षक मंडळात होते. एखाद्या शिक्षकाच्या हातून इतके विजेते घडावेत हे कौतुकास्पद, की तोच शिक्षक परीक्षकही असावा हे आक्षेपार्ह? पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या जगात हा प्रश्न विचारला जातो आणि तो गैरलागू म्हणून झटकून टाकता येण्याजोगा नाही. मात्र त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी हे सोन कोण, हे पाहावयास हवे. कारण त्यांच्या आयुष्याकडे न पाहता केलेली चर्चा ही निव्वळ गुणपत्रिकेची चर्चा ठरते.

सोन यांचा जन्म १९५८ चा, हनोईचा. आई थाई थी लियेन या प्रागमध्ये शिकलेल्या पियानोवादक. हनोईत १९५६ साली स्थापन झालेल्या संगीत विद्यालयाच्या त्या एक संस्थापक. शंभरी पार करून २०२३ च्या आरंभी त्या निवर्तल्या. वडील डांग दिन्ह हुंग हे कवी. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस व्हिएतनाममधील लेखक-कलावंतांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी जो आवाज उठविला आणि राजवटीने जो दडपून टाकला, त्या प्रकरणात हे वडील सापडले आणि पुढे दीर्घकाळ वाळीत पडले. म्हणजे घरात एकीकडे विद्यालयाच्या संस्थापिका आणि दुसरीकडे सरकारी मर्जीतून उतरलेला कवी. अशा घरातील मुलाला त्या काळी कोणती दारे उघडी असतील आणि कोणती बंद, याची कल्पना साम्यवादी राजवटींचा इतिहास जाणणाऱ्यास सहज करता येईल.

सोन सात वर्षांचे होते तेव्हा अमेरिकी विमानांचा बॉम्बवर्षाव सुरू झाला आणि हनोईचे संगीत विद्यालय उत्तरेकडील एका खेड्यात हलविण्यात आले. पियानो म्हशींच्या गाडीतून नेले गेले. वाद्ये थोडी आणि विद्यार्थी पुष्कळ, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला सरावाची मोजकी मिनिटे येत. हवाई हल्ल्याचा इशारा झाला की खंदक. दमट हवेत सुजलेले लाकूड आणि अडकणाऱ्या पट्ट्या यांच्याशी झटापट करीत हे शिक्षण चालले होते. १९७० साली आईला वॉर्साच्या शोपाँ स्पर्धेला पाहुणी म्हणून जाण्याची संधी मिळाली. परतताना त्यांनी शोपाँच्या स्वरलिपी आणि ध्वनिमुद्रिका आणल्या. त्या वर्षी ती स्पर्धा जिंकणारा अमेरिकी तरुण होता गॅरिक ओल्सन, जो २०२५ मध्ये परीक्षक मंडळाचा अध्यक्ष झाला. सोन यांच्या कानावर त्या मुद्रिकांतून मार्था आर्गेरिच यांचे वादन पडले. या आर्गेरिचबाईंचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे, आणि तो तितकासा सुखद नाही.

१९७४ मध्ये आयझॅक कात्झ हे सोव्हिएत पियानोवादक हनोईत आले. त्यांनी या मुलाचे वादन ऐकले, त्याला शिकविले आणि मॉस्कोला पाठविण्यासाठी खटपट केली. १९७७ मध्ये सोन मॉस्को कन्झर्व्हेटरीत दाखल झाले. तेथे प्रथम व्लादिमीर नाथानसन आणि पुढे दिमित्री बाश्किरोव यांची तालीम त्यांना लाभली. नाथानसन हे सामुइल फाइनबर्ग यांचे, तर बाश्किरोव हे अलेक्सांद्र गोल्डनवायझर यांचे शिष्य. आपल्याकडे गायकाने गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावावा, तसे मॉस्कोत ही नावे घेतली जातात. रशियन पियानोवादनात घराणे हा शब्द नसला तरी घराण्याचा सारा व्यवहार आहे. कोण कोणाकडे शिकला, हे तेथे प्रथम विचारतात. आजच्या वादाचे एक मूळ या व्यवहारातही आहे.

तीनच वर्षांनी, ऑक्टोबर १९८० मध्ये, सोन वॉर्सात पोहोचले. बावीस वर्षांचा, मैफलींचा अनुभव नगण्य असलेला, युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशाचा तरुण. ती स्पर्धा इतिहासात गाजली, मात्र सोन यांच्यामुळे नव्हे. युगोस्लाव्हियाचा इवो पोगोरेलिच हा एकवीस वर्षांचा वादक शोपाँ अशा काही तऱ्हेने वाजवीत होता की परीक्षकांत उभी फूट पडली. तो पुढच्या फेरीत जातो याचा राग येऊन लुई केंटनर हे ज्येष्ठ परीक्षक मंडळ सोडून गेले. पुढे त्याला अंतिम फेरीत प्रवेश नाकारला गेला, तेव्हा १९६५ च्या विजेत्या आर्गेरिच यांनी, हा प्रतिभावंत आहे असे ठणकावून सांगत, राजीनामा दिला. जगाच्या वृत्तपत्रांना आणि ध्वनिमुद्रिका कंपन्यांना याहून अधिक काय हवे? डॉइच ग्रामोफोन कंपनीने पोगोरेलिचला करारबद्ध केले. पराभूताची कीर्ती विजेत्याच्या पुढे निघून गेली.

विजेता होता सोन. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर सोव्हिएत संघाचे स्पर्धक होते. माझुर्का वादनाचे विशेष पारितोषिकही सोन यांनाच मिळाले. ही बाब क्षुल्लक नव्हे. माझुर्का हा पोलंडच्या ग्रामीण भागातील नृत्यप्रकार. त्यातील ठेका कागदावर लिहिता येत नाही, तीन मात्रांपैकी कोणती किंचित रेंगाळेल आणि कोणती झटकली जाईल हे अंगात मुरावे लागते. व्हिएतनामच्या खेड्यात शोपाँ शिकलेल्या मुलाने ते साधले आणि पोलिश परीक्षकांनी ते मान्य केले. अशा प्रतिष्ठेच्या आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धेत प्रथम येणारे ते पहिले आशियाई वादक. शोपाँ स्पर्धेत त्यांच्यानंतर दुसरा आशियाई विजेता, चीनचा युंदी ली, अवतरण्यास २००० साल उजाडावे लागले. त्यानंतर २०१५ मध्ये दक्षिण कोरियाचा सुंग-जिन चो. आज या स्पर्धेच्या यादीत चिनी, जपानी आणि कोरियन नावे दाटीवाटीने दिसतात आणि अमेरिका वा कॅनडाच्या ध्वजाखाली वाजविणाऱ्यांतही अनेकांची मुळे पूर्व आशियात असतात. १९८० मध्ये मात्र ‘आशियाई माणसाला शोपाँ काय कळणार’ हा प्रश्न सभ्य माणसेही उघडपणे विचारीत.

या विजयाचा सर्वात तातडीचा लाभ संगीताबाहेरचा होता. वडील त्या सुमारास कर्करोगाने आजारी होते. मुलगा जगजिंकला ठरल्यावर वाळीत टाकलेल्या कवीकडे सरकारची दृष्टी वळली, उपचारांची सोय झाली आणि ते पुढे दहा वर्षे जगले. स्पर्धा ही कलेची विटंबना आहे, असे म्हणणाऱ्यांचा एक पंथ आहे व त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. परंतु ज्याला स्वत:च्या देशातून बाहेर पडण्यास दुसरा दरवाजाच नाही, त्याला हे शहाणपण परवडत नाही.

मैफलींच्या आघाडीवर चित्र संमिश्र राहिले. व्हिएतनामचे पारपत्र आणि मॉस्कोचा पत्ता घेऊन पश्चिमेकडील व्यावसायिक मैफलींच्या वर्तुळात शिरणे ऐंशीच्या दशकात सोपे नव्हते. शिवाय प्रत्येक मुलाखतीत पोगोरेलिचचे नाव निघे. १९८७ पासून सोन जपानमध्ये कुनिताची संगीत महाविद्यालयात शिकवू लागले आणि १९९१ च्या सुमारास माँट्रियल येथे स्थायिक झाले. जपानने त्यांना मनापासून ऐकले, पोलंडने त्यांना आपले मानले. पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क येथील मोठ्या सभागृहांत त्यांच्या मैफली झाल्या, परंतु पोलिनी, आर्गेरिच वा झिमरमन या शोपाँ विजेत्यांच्या वाट्याला आलेले स्थान त्यांना लाभले नाही. हे त्यांच्या वादनाचे मूल्यमापन समजू नये. त्यांच्या वादनात आरडाओरडा नाही. स्वर गोल, पेडलचा वापर जपून, लय लवचीक पण सैल नाही. १८४९ च्या एरार बनावटीच्या पियानोवर, फ्रान्स ब्रुगन यांच्या अठराव्या शतकाच्या वाद्यवृंदासह त्यांनी शोपाँचे दोन्ही कन्चेर्तो ध्वनिमुद्रित केले आहेत. आधुनिक पियानोच्या गडगडाटाला सरावलेल्या कानांना ते प्रथम ऐकताना कृश वाटतील. दुसऱ्यांदा ऐकल्यावर डाव्या हातात शोपाँने काय काय लिहून ठेवले आहे ते उमगू लागते. अशा वादकाला मोठ्या बाजारात गिऱ्हाईक कमी, पण अशा वादकाकडून शिकण्याजोगे मात्र पुष्कळ.

आणि येथेच त्यांच्या कारकिर्दीने वळण घेतले. माँट्रियल विद्यापीठ, पुढे अमेरिकेतील ओबर्लिन, आणि मग बोस्टनची न्यू इंग्लंड कन्झर्व्हेटरी या संस्थांत त्यांनी अध्यापन केले. मैफलीचे कलावंत शिकवितात ते बहुधा चरितार्थासाठी किंवा उतारवयात, असा एक समज आहे. तो शोपाँच्या बाबतीतच खोटा ठरतो, हे या स्पर्धेचा कोलाहल ऐकताना कोणाच्या ध्यानात येत नाही. शोपाँने उभ्या आयुष्यात जाहीर मैफली केल्या त्या जेमतेम तीस. त्याचा प्रपंच चालला तो मुख्यत: पॅरिसमधील शिकवण्यांवर. एका पाठाचे वीस फ्रँक, आणि ते बहुतेक उमराव घराण्यांतील स्त्रियांकडून. त्याचा शिष्य कारोल मिकुली, मिकुलीचे मार्गदर्शन लाभलेले अलेक्सांदर मिखाउओव्स्की आणि मिखाउओव्स्कींचे शिष्य येझी झुरावलेव्ह. या झुरावलेव्ह यांनीच १९२७ मध्ये ही स्पर्धा सुरू केली. तेव्हा स्पर्धेचा जन्मच मुळी एका गुरुपरंपरेतून झालेला आहे. पहिल्या स्पर्धेचे विजेते लेव्ह ओबोरिन पुढे मॉस्कोतील मान्यवर शिक्षक झाले आणि १९५५ मध्ये त्यांचा शिष्य व्लादिमीर अश्केनाझी दुसरा आला. त्याला पहिला क्रमांक न मिळाल्याच्या निषेधार्थ मिकेलांजेली या थोर परीक्षकाने निकालपत्रावर सही करण्याचे नाकारले होते. म्हणजे परीक्षकांचे रुसवेही पोगोरेलिचपासून सुरू झालेले नाहीत.

सोन यांच्या शिकवणीचा कस त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वादनातील साम्यात शोधावयास गेल्यास निराशा पदरी पडते आणि मला वाटते, तीच त्यांची सर्वात मोठी शिफारस आहे. ब्रूस लिऊ याचे वादन चपळ, खेळकर, झळाळीचे. २०२१ मध्ये मोत्झार्टच्या ‘डॉन जिओव्हानी’तील धूनेवर शोपाँने रचलेली विविधता त्याने अशी उधळली की सभागृहाला शोपाँच्या तारुण्याची आठवण व्हावी. एरिक लू याचा पिंड याच्या नेमका उलट. संथ, अंतर्मुख, स्वर मिटेपर्यंत त्याचा पाठपुरावा करणारा. वांग हिच्या वादनाची घडण या दोघांहून वेगळी. एकाच शिक्षकाच्या हाताखालून हे तिघे निघाले, असे केवळ ऐकून कोणी ओळखणार नाही. स्पर्धेसाठी साच्यातून मूर्ती काढणाऱ्या शिक्षकाचे काम असे नसते. एक साम्य मात्र योगायोगाचे म्हणून नोंदवावेसे वाटते. अंतिम फेरीत बहुतेक स्पर्धक शोपाँचा ई मायनर कन्चेर्तो निवडतात. तो अधिक लांब, अधिक भरजरी आणि विजयास अधिक उपकारक समजला जातो. १९८० मध्ये सोन यांनी आणि २०२५ मध्ये लू याने एफ मायनर वाजविला.

हे सर्व मान्य करूनही मूळ प्रश्न शिल्लक राहतो. स्पर्धेचा नियम असा की परीक्षकाने स्वत:च्या विद्यार्थ्यास गुण द्यावयाचे नाहीत. सरासरीपासून फार दूर गेलेला गुण ठरावीक मर्यादेत ओढून आणण्याची तरतूदही आहे. निकालानंतर प्रत्येक परीक्षकाची गुणपत्रिका प्रसिद्ध केली जाते. हे शेवटचे पाऊल स्तुत्य आहे आणि फार थोड्या स्पर्धा ते उचलतात. त्यामुळेच तर २०१५ मध्ये चो हा विजेता ठरला तेव्हा बहुतेक परीक्षकांनी त्याला अंतिम फेरीत दहापैकी नऊच्या आसपास गुण दिलेले असताना फिलिप आंत्रमाँ या फ्रेंच परीक्षकाने फक्त एक गुण दिला होता, हे जगाला कळले. चो तरीही जिंकला, पण एका माणसाचा कल गुणपत्रिकेत कसा उमटू शकतो हे सर्वांनी पाहिले.

तथापि या नियमांत एक फट आहे आणि ती गणिताची आहे. आपल्या विद्यार्थ्याला गुण न देणाऱ्या परीक्षकाला त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना मात्र गुण देता येतात. स्पर्धा सापेक्ष असते. वर चढविणे हा विद्यार्थ्याला लाभ देण्याचा एकमेव मार्ग नव्हे, इतरांना किंचित खाली ओढूनही तेच साधते आणि ते किंचित असेल तर सरासरीच्या मर्यादेतच बसते. सोन यांनी असे केले, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही आणि तसे म्हणावयास काही आधारही नाही. सतरा जणांच्या मंडळात एका गुणपत्रिकेचे वजन तसे मर्यादितच. परंतु नियम करावयाचा असतो तो सज्जनांना गृहीत धरून नव्हे.

दुसरी अडचण ‘विद्यार्थी’ या शब्दाची. पियानोवादकाचे शिक्षण आज एका गुरूच्या घरी होत नाही. लू याचेच पाहा. बोस्टन परिसरात बालपणीचे शिक्षण, मग फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत रॉबर्ट मॅक्डोनाल्ड आणि जोनाथन बिस, आणि या साऱ्यांबरोबर सोन. यांपैकी मॅक्डोनाल्डही २०२५ च्या परीक्षक मंडळात होते. म्हणजे विजेत्याचे दोन गुरू एकाच मेजावर. मग उन्हाळी शिबिरात तीन पाठ घेतलेला विद्यार्थी धरावा की नाही? जाहीर शिकवणीच्या वर्गात अर्धा तास सूचना दिलेला? पाच वर्षांपूर्वी शिकून गेलेला? या विश्वात परीक्षक आणि स्पर्धक परस्परांना ओळखत नाहीत अशी उदाहरणेच विरळ. आणि ही स्थिती केवळ सोन यांची नव्हे. २०१५ आणि २०२१ मध्ये अध्यक्षपद भूषविणाऱ्या कातारझिना पोपोवा-झिदरॉन या २००५ च्या विजेत्या राफाऊ ब्लेहाच याच्या शिक्षिका. सोन यांच्याकडे बोट दाखविले जाते ते त्यांचे विद्यार्थी अधिक यशस्वी ठरले म्हणून.

यावर एक सोपा तोडगा सुचविला जातो, तो असा की शिक्षकांना मंडळातून काढा. पण मग उरते कोण? मागणी असलेला मैफलीचा वादक तीन आठवडे वॉर्सात मुक्काम ठोकून ऐंशीहून अधिक जणांचे तेच तेच बॅलाड आणि एत्यूद ऐकत बसेल, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. त्याच्या वर्षभराच्या तारखा आधीच विकल्या गेलेल्या असतात. आयोजकांनी २०२५ मध्ये समीक्षक जॉन अॅलिसन आणि संगीताभ्यासक जॉन रिंक यांना मंडळात घेतले, हे स्वागतार्ह आहे. तरीही शेवटच्या पानावरील एखाद्या दुर्गम कोपऱ्यात बोटे कोठे अडखळली आणि कोठे जाणून थांबली, याचा निवाडा ज्याने स्वत: तेथे हजार वेळा बोटे ठेवली आहेत आणि इतरांची ठेवून पाहिली आहेत, तोच करू शकतो. शिक्षकांशिवाय हे मंडळ उभे राहणार नाही.

माझ्या मते यातील हानी गुणांच्या बेरजेत होतच नाही. ती होते त्याच्या कित्येक वर्षे आधी. चौदा-पंधरा वर्षांचे मूल आणि त्याचे पालक शिक्षक निवडतात तेव्हा. मोठ्या स्पर्धांच्या परीक्षक मंडळांवर कोण बसतो, हे त्या पालकांना तोंडपाठ असते. अशा शिक्षकाच्या वर्गात जागा मिळावी म्हणून देश बदलले जातात, घरे विकली जातात. त्या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्याला एक गुणही दिला नाही तरी त्याच्या सहकाऱ्यांना हा कोणाचा विद्यार्थी हे माहीत असते, अशी पालकांची समजूत असते. समजूत खरी असो वा नसो, त्यानुसार वागणूक घडते. परिणामी मूठभर संस्थांत आणि मूठभर वर्गांत साऱ्या वाटा एकवटतात. बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, हॅनोव्हर. या शहरांबाहेर शिकणाऱ्या गुणी वादकाची अर्जासोबतची ध्वनिचित्रफीत कदाचित तितक्याच आदराने पाहिली जात असेल, पण त्याला स्वत:ला तसे वाटत नाही आणि पुष्कळदा तो अर्जच करीत नाही. १९८० मधला, हाती सांगण्याजोगा एकही मैफलींचा तपशील नसलेला हनोईचा तरुण आज असता तर त्याने अर्ज केला असता का, ही शंका सोन यांच्या टीकाकारांनी नव्हे, चाहत्यांनी घ्यावयास हवी.

तेव्हा करावयाचे ते एवढेच, की ज्या परीक्षकाचा त्या वेळी शिकत असलेला विद्यार्थी प्रत्यक्ष स्पर्धेत उतरतो, त्याने त्या एका वेळेपुरते मंडळातून बाहेर बसावे. गुण न देणे पुरेसे नाही, खुर्चीवरच नसावे. आपल्याकडे न्यायाधीश एखाद्या प्रकरणातून स्वत:ला बाजूला करतात तेव्हा त्यांच्या सचोटीवर कोणी डाग पाडत नाही, उलट ती वाढते. यात आयोजकांची अडचण होईल हे खरे. अर्जांची छाननी झाल्यावर ऐनवेळी चार-पाच परीक्षक बदलावे लागतील आणि नामवंतांच्या यादीची झळाळी काहीशी उतरेल. परंतु १९८० मध्ये परीक्षकांच्या राजीनाम्यांनी ही स्पर्धा बुडाली नाही, तर परीक्षकांच्या रजेने ती बुडण्याचे कारण नाही.

असे झाल्यास सोन यांचे व्यक्तिश: काही बिघडेल असेही नाही. मंडळातील खुर्ची हा त्यांच्या कारकिर्दीचा सर्वात कमी महत्त्वाचा भाग आहे. विजेता म्हणून त्यांना जगाने अर्धवट स्वीकारले, वादक म्हणून पोगोरेलिचच्या सावलीत मोजले, आणि शिक्षक म्हणून जे निर्विवाद त्यांचे आहे त्यावर आता या खुर्चीमुळे प्रश्नचिन्ह लावले जाते. ब्रूस लिऊ याच्या विजयाच्या दिवशी आणि एरिक लू याच्या विजयाच्या रात्री ते सभागृहात शिक्षक म्हणून, श्रोत्यांत बसले असते, तर त्या दोघांच्या यशाकडे कोणी गुणपत्रिका हातात धरून पाहिले नसते.

पुढची स्पर्धा २०३० मध्ये होणे अपेक्षित आहे. सोन तेव्हा बहात्तर वर्षांचे असतील. परीक्षक मंडळाची निवड शोपाँ संस्थेला त्याच्या बरीच आधी करावी लागेल आणि त्या वर्षी अर्ज करणारी मुले आज बारा-पंधरा वर्षांची आहेत. त्यांच्यापैकी काहींचे पालक नव्या वर्षाच्या प्रवेशांच्या तारखा आताच पाहत असतील.